उतारवयातील धाव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही वस्त्रागारात पवित्र वस्त्रे उतरवीत होतो. तोच आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त मुख्याध्यापक दाराशी येऊन उभे राहिले. पायांत धावण्याचे बूट, अंगात घामाने भिजलेला सदरा. "फादर, येत्या हिवाळ्यात पूर्ण मॅरेथॉन धावायची म्हणतो. घरी मुले नको म्हणतात. तुमचा आशीर्वाद हवा होता," ते म्हणाले. सरांनी साठी ओलांडलेली. आम्ही हसलो आणि बोलून गेलो, "सर, धावायचे दिवस आता सरले. हातात जपमाळ घ्यावी आणि संथपणे चालावे." सर काही बोलले नाहीत. मान लववून निघून गेले.

ते गेले, पण आमचे वाक्य आमच्यापाशीच राहिले. उतारवयातील माणसाने कोठे थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? सेमिनरीत आम्ही ईशज्ञान शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो; मानवी शरीराविषयी मात्र ऐकीव समजुतींपलीकडे आमच्या गाठीस फारसे काही नव्हते. पुढे रात्री सवड मिळेल तशी आम्ही या शर्यतीच्या इतिहासाची पुस्तके चाळू लागलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका मृत्यूची दंतकथा

मॅरेथॉनचा जन्म एका मृत्यूच्या कथेतून झाला. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये ग्रीसमधील मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. त्या विजयाची वार्ता घेऊन फिडिपिडीस नावाचा दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि "आपण जिंकलो" एवढे सांगून गतप्राण झाला, अशी कथा सर्वश्रुत आहे. वास्तविक, त्या युद्धानंतर साधारण अर्धशतकाने लिहिणाऱ्या हेरोडोटसला ही कथा ठाऊक नाही. त्याचा फिडिपिडीस लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी स्पार्टाला धावत जातो आणि दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचतो. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे, आणि तो मरत नाही. दूताच्या मृत्यूची कथा त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी प्लुटार्क व लुशियन यांच्या लेखनात दिसते.

एकोणिसाव्या शतकाने मात्र मृत्यूची कथाच उचलून धरली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ते अथेन्स अशी सुमारे ४० किलोमीटरांची शर्यत ठेवण्यात आली. मारूसी गावचा पाणक्या स्पिरिडॉन लुईस ती २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकला. 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलशाली' या अर्थाचे जे लॅटिन ब्रीद ऑलिंपिक चळवळीने स्वीकारले, ते आंरी दिदों या डॉमिनिकन धर्मगुरूंनी आपल्या विद्यार्थ्यांना दिलेले होते, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. त्या ब्रीदात म्हाताऱ्या माणसाला जागा नव्हती. दिदों शाळकरी मुलांशी बोलत होते. त्यांचा दोष नाही.

दंतकथेची छाया पुढेही या शर्यतीवर राहिली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर राजवाड्यापासून क्रीडागारातील राजघराण्याच्या कक्षापर्यंत शर्यत आखली गेली आणि ४२.१९५ किलोमीटर हे विचित्र अंतर जन्माला आले. पुढे १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरले. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांत पुढे क्रीडागारात शिरला. पण भान हरपून तो पुनःपुन्हा कोसळला. पंचांनी आधार देऊन त्याला अंतिम रेषेपलीकडे नेले आणि त्याच कारणाने तो बाद ठरला. त्याच्या पाच दिवस आधी, १९ जुलै रोजी, लंडनच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये ईथेलबर्ट टॅल्बट या अमेरिकन अँग्लिकन बिशपांनी प्रवचनात सांगितले होते की, बक्षिसापेक्षा स्पर्धेत उतरणे अधिक मोलाचे. हे वचन आज जगभर ऑलिंपिकचे वचन म्हणून सांगितले जाते. त्याचा उगम एका प्रवचनपीठावर झाला.

आणि १९१२ मध्ये स्टॉकहोम येथे दंतकथा खरी झाली. उन्हाच्या तडाख्यात फ्रान्सिस्को लाझारो हा पोर्तुगालचा तरुण सुतार धावताना कोसळला व दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. अतिश्रमाने हृदय फुगते, कमकुवत होते आणि एक दिवस दगा देते, ही त्या काळातील अनेक डॉक्टरांची समजूत होतीच. त्या मृत्यूने तिला बळ मिळाले असल्यास नवल नाही.

मुद्रकाचे हृदय

स्टॉकहोमच्या त्याच शर्यतीत अमेरिकेचा एक धावपटू बारावा आला होता. त्याचे नाव क्लॅरेन्स डीमार. आमच्या मते उतारवयातील धावपटूंचा इतिहास या गृहस्थापासून सुरू होतो.

डीमार यांचा जन्म १८८८ मध्ये ओहायो राज्यात झाला. वडील लवकर वारले, आईने कुटुंब मॅसॅच्युसेट्सला आणले आणि मुलगा बोस्टनच्या खाडीतील एका बेटावरच्या शाळेत वाढला. पुढे त्यांनी छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम पत्करले. ते बॅप्टिस्ट पंथाचे. रविवारी मुलांना बायबल शिकवीत. वार्षिक बोस्टन मॅरेथॉन १८९७ मध्ये सुरू झाली होती. १९११ च्या शर्यतीपूर्वी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना डीमार यांच्या हृदयात मर्मर ऐकू आली. थकवा वाटताच थांबा आणि यापुढे शर्यतीचे नाव काढू नका, असा सल्ला त्यांनी दिला. डीमार धावले आणि पहिले आले. ते डॉक्टर बहुधा चुकून स्वतःचेच हृदय ऐकत असावेत, असे डीमार पुढे थट्टेने म्हणत.

थट्टा निराळी, भीती निराळी. स्टॉकहोमनंतर डीमार काही वर्षे बोस्टनच्या शर्यतीपासून दूर राहिले. डॉक्टरांचा इशारा, छापखान्यातील नोकरी आणि रात्रीचा अभ्यास ही कारणे होतीच. शिवाय जिंकण्याची हाव ख्रिस्ती माणसास शोभते काय, ही टोचणीही त्यांना होती, असे सांगतात. १९१७ मध्ये ते परतले आणि तिसरे आले. मग १९२२ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, म्हणजे इतर धावपटू बूट खुंटीला टांगतात त्या वयात, त्यांनी दुसऱ्यांदा बोस्टन जिंकले. त्यानंतर १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० मध्येही जिंकले. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय ४१ होते. बोस्टनच्या पुरुष विजेत्यांमध्ये त्याहून वयस्क कोणी झाला नाही. त्या काळी विजेत्यास पैसे मिळत नसत. रोख बक्षिसे तेथे १९८६ मध्ये आली. डोक्यावर पानांचा मुकुट चढे, वाडगाभर स्ट्यू मिळे आणि मुद्रक पुन्हा कामावर जाई.

डीमार यांनी बोस्टनची शेवटची शर्यत १९५४ मध्ये, ६५ व्या वर्षी पूर्ण केली. १९५८ मध्ये ते कर्करोगाने वारले. पॉल डडली व्हाइट हे अमेरिकेतील अग्रगण्य हृदयरोगतज्ज्ञ. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर त्यांनीच उपचार केले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने डीमार यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९६१ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. ज्या हृदयाला १९११ मध्ये धावण्याची मनाई झाली होती, त्याच्या रक्तवाहिन्या सामान्य माणसापेक्षा दोन ते तीन पट रुंद आढळल्या. वयानुसार येणारा थोडा विकार त्यांतही होता, परंतु रक्ताची वाट कोठे अडलेली नव्हती.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. "धावायचे दिवस सरले," हे सांगणारे आम्ही पहिले नव्हतो तर!

टेकडीवरचा म्हातारा

डीमार यांच्यामागून त्याच रस्त्यावर जॉन केली आले. १९०७ साली जन्मलेले केली एका वीज कंपनीत देखभालीचे काम करीत. १९३५ आणि १९४५ मध्ये त्यांनी बोस्टन जिंकली आणि सात वेळा ते दुसरे आले. त्यांची खरी ओळख मात्र एका पराभवाने घडली. १९३६ मध्ये न्यूटन भागातील चढणींवर त्यांनी आघाडीवरच्या ब्राऊन या धावपटूला गाठले आणि पुढे जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने ब्राऊन पेटून उठला आणि शर्यत जिंकला. केली पाचवे आले. त्या शेवटच्या चढणीला एका वार्ताहराने 'काळीज फोडणारी टेकडी' या अर्थाचे नाव दिले, ते कायम झाले. ती टेकडी ओलांडताच येशूसंघीयांचे बोस्टन कॉलेज लागते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

केलींनी १९२८ ते १९९२ या काळात ६१ वेळा ही शर्यत सुरू केली आणि ५८ वेळा पूर्ण केली. शेवटच्या वेळी ते ८४ वर्षांचे होते. तोवर पहिल्या क्रमांकाचा धावपटू स्नान करून, जेवून, विसावलेला असे, तेव्हा केली अजून वाटेवर असत आणि लोक त्यांच्यासाठी थांबलेले असत. १९९३ मध्ये त्या टेकडीजवळ त्यांचा पुतळा उभारला गेला. त्यात दोन केली आहेत, १९३५ चा तरुण विजेता आणि उतारवयातील म्हातारा. दोघांनी एकमेकांचा हात धरला आहे. केली २००४ मध्ये, ९७ व्या वर्षी वारले.

डॉक्टर धावू लागले

डीमार आणि केली हे अपवाद होते. सामान्य प्रौढ माणसास धावण्याचे दार उघडले ते न्यूझीलंडमध्ये. आर्थर लिडिअर्ड या प्रशिक्षकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी ऑकलंड येथे मध्यमवयीन माणसांना मंद गतीने धावावयास शिकविले. त्यांत हृदयविकारातून उठलेले रुग्णही होते. त्यांचा नियम साधा होता. धावता धावता सोबत्याशी बोलता आले पाहिजे. धाप लागून बोलणे खुंटले तर गती कमी करावी. १९६२ च्या अखेरीस अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे पाहुणे म्हणून गेले. हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला, सत्तरी ओलांडलेला एक वृद्ध त्यांना मागे टाकून निघाला आणि मग दया येऊन त्यांच्या सोबतीस मागे राहिला. बॉवरमन मायदेशी परतले ते ही पद्धत घेऊनच.

त्याच सुमारास न्यू जर्सी राज्यातील रेड बँक येथील जॉर्ज शीहान हे हृदयरोगतज्ज्ञ धावू लागले. वय ४५ च्या आसपास, पंथाने कॅथलिक, बारा मुलांचे वडील. प्रथम घराच्या अंगणातच ते फेऱ्या मारीत. १९६९ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी ४ मिनिटे ४७ सेकंदांत एक मैल पार केला. पन्नाशीच्या माणसाने पाच मिनिटांच्या आत मैल धावण्याची ती पहिली वेळ होती. स्थानिक वृत्तपत्रातील स्तंभातून व पुढे पुस्तकांतून त्यांनी धावण्याविषयी जे लिहिले, त्यात वैद्यकाइतकेच आत्मचिंतन आहे. खेळात देह गुंतलेला असताना मन प्रार्थनेच्या जवळ जाते, हा त्यांचा अनुभव. १९८६ मध्ये त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ते धावत राहिले, वेग घटत गेला, आणि मंदावण्याविषयीही ते तितक्याच मोकळेपणाने लिहीत राहिले. १ नोव्हेंबर १९९३ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, ते देवाघरी गेले.

स्त्रियांना बोस्टनमध्ये अधिकृत प्रवेश मिळण्यास १९७२ साल उजाडावे लागले. त्यानंतर अनेकींनी उतारवयात या मार्गावर पाऊल ठेवले. व्रतस्थ भगिनी मॅडोना ब्युडर (जन्म १९३०) ४८ व्या वर्षी एका धर्मगुरूंच्या सूचनेवरून धावू लागल्या. २०१२ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांनी सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन अशी 'आयर्नमॅन' शर्यत पूर्ण केली. त्या धर्मगुरूंची आणि आमची तुलना वाचकांनी करू नये, ही विनंती.

एक सावधगिरी

येथवर वाचून कोणी उद्याच बूट खरेदी करावयास निघेल, म्हणून इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० च्या दशकात, मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या कधीच तुंबत नाहीत, असा दावा एका अमेरिकन डॉक्टरने केला होता. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी १९७९ मध्ये शवविच्छेदनांच्या आधारे तो खोटा ठरविला. तरीही भाबडी श्रद्धा सहजी मरत नाही. जेम्स फिक्स हे अमेरिकन लेखक ३५ व्या वर्षी, वजन शंभर किलोंच्या आसपास असताना, धावू लागले. त्यांनी धूम्रपान सोडले आणि १९७७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने लाखो लोकांना रस्त्यावर आणले. त्यांचे वडील हृदयविकाराने ४३ व्या वर्षी वारले होते. २० जुलै १९८४ रोजी फिक्स व्हरमाँट राज्यातील एका रस्त्यावर धावताना कोसळले, वय ५२. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात तुंबलेल्या आढळल्या.

डीमार यांच्या बाबतीत भीती खोटी ठरली, फिक्स यांच्या बाबतीत निर्धास्तपणा. धावणे हे पापक्षमापत्र नव्हे, की घेतले आणि मरणातून सुटलो. चाळिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता दरवर्षी थोडीथोडी घटतेच. नियमित व्यायाम करणाऱ्याची ती अधिक संथपणे घटते, इतकाच फरक. झिजलेले स्नायू भरून येण्यास तरुणपणापेक्षा अधिक दिवस लागतात. म्हणून प्रौढ धावपटूच्या आठवड्यात विश्रांतीच्या दिवसालाही धावण्याच्या दिवसाइतकाच मान असतो. अंतर हळूहळू, महिनोन् महिने वाढवावे लागते. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास शरीरातील साखरेचा साठा संपत येतो आणि पाय शिशाचे होतात. तेथे गर्विष्ठ माणूस गती वाढवू पाहतो आणि शहाणा माणूस चालू लागतो. तपासणी करून घेणे, छातीत कळ आली की थांबणे, यात कमीपणा नाही. थांबता येणे हाही आत्मसंयमच होय.

दफनभूमीतील फेऱ्या

आणखी दोन वृद्धांची ओळख करून देतो. एड व्हिटलॉक हे मूळचे लंडनचे, कॅनडात स्थायिक झालेले अभियंते. आँटेरिओ प्रांतातील मिल्टन या गावी घराजवळच्या दफनभूमीत ते रोज तासन् तास फेऱ्या मारीत. मैदान नाही, प्रशिक्षक नाही, भोवती केवळ थडगी. २००३ मध्ये, ७२ व्या वर्षी, त्यांनी तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली; सत्तरी ओलांडलेल्या कोणीही तोवर हे केले नव्हते. पुढील वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद ही वेळ नोंदविली आणि २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, ३ तास ५६ मिनिटे ३४ सेकंद. पाच महिन्यांनी, मार्च २०१७ मध्ये, ते निवर्तले. आपण मृतांच्या दिनी वर्षातून एकदा कबरींवर मेणबत्त्या लावतो. हा माणूस दररोज तेथे जाऊन जिवंतपणाचा सराव करीत होता.

दुसरे फौजा सिंग. पंजाबातील जालंदर जिल्ह्यातील शेतकरी. त्यांची जन्मतारीख पारपत्रानुसार १ एप्रिल १९११. जन्मदाखला नसल्याने विक्रमांच्या ग्रंथात त्यांचे नाव गेले नाही. १९९० च्या दशकात पत्नी आणि मागोमाग तरुण मुलगा गेला. मुलाचा मृत्यू त्यांच्या डोळ्यांदेखत अपघाताने झाला. त्या दुःखात बुडालेला हा वृद्ध इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे गेला आणि धावू लागला. २००० मध्ये, ८९ व्या वर्षी, त्यांनी लंडनची मॅरेथॉन पूर्ण केली, आणि २०११ मध्ये, शंभराव्या वर्षी, टोरांटोची. तीस आठ तासांहून अधिक वेळ लागला. जुलै २०२५ मध्ये गावाजवळच्या रस्त्यावर वाहनाने दिलेल्या धडकेत त्यांचे निधन झाले. शोकाने खचलेल्या माणसास आम्ही धर्मगुरू सांत्वनाचे शब्द देतो. फौजा सिंगांना उभे केले ते त्यांच्या पायांनी.

पौलाची शर्यत

या शर्यतीशी महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात भारताला ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार आला. त्यातून १९२० मध्ये अँटवर्पला गेलेले बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथील मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. मुंबईची आजची मॅरेथॉन २००४ मध्ये आणि वसई-विरारची २०११ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून पहाटेच्या मिस्सेच्या वाटेवर पांढऱ्या केसांचे धावपटू दिसणे ही नवलाई राहिली नाही.

संत पौल करिंथ शहरी दीड वर्ष राहिले. जवळच इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी क्रीडामहोत्सव भरे आणि विजेत्यास पाइन किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट मिळे. करिंथकरांना लिहिताना पौलाने शर्यतीचे रूपक घेतले, ते या लोकांच्या डोळ्यांपुढचे होते. तेथे बक्षीस एकालाच आहे. परंतु आयुष्याच्या अखेरच्या काळातील म्हणून ख्रिस्तसभा जे पत्र वाचते, तिमथ्याला लिहिलेले दुसरे, त्यात त्याच रूपकाचा रोख पालटला आहे. तेथे जिंकण्याची भाषा नाही; धाव पूर्ण केल्याचे समाधान आहे. इतकी वर्षे आम्ही ही दोन्ही वचने अंत्यविधीच्या आणि सणांच्या प्रवचनांत वापरली, पण त्यांतील अंतर आमच्या ध्यानी आले ते या वाचनानंतर. तरुण पौल आणि वृद्ध पौल, केलींच्या पुतळ्याप्रमाणे, एकमेकांचा हात धरून उभे आहेत.

आमचे मुख्याध्यापक त्या हिवाळ्यात आमच्या आशीर्वादाविनाच धावले. ते पोहोचले तेव्हा मंडप उतरविण्याचे काम सुरू झाले होते, असे आम्हांस त्यांच्या मुलाकडून कळले. सरांनी स्वतःहून तो विषय कधी काढला नाही. पुढच्या वर्षी आम्हीच त्यांना मिस्सेनंतर थांबविले आणि सराव कसा चालला आहे ते विचारले. सर थोडे संकोचले, मग म्हणाले, "चाललाय फादर. पंचविसाव्या किलोमीटरनंतर जपमाळच म्हणतो. मोजायला बरी पडते."

आम्ही त्यांच्या मस्तकावर हात ठेवला. त्यापूर्वी डॉक्टरांची तपासणी झाली आहे ना, एवढे मात्र विचारून घेतले.